या बाजाराचं गाव कुठं आहे? – साउथडेल मॉलची गोष्ट

थंडीकर

गेल्या डिसेंबरात आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे मिनेसोटाला आले. बाबा तिशीपासून रोज पहाटे सांगलीच्या आमराईत फिरायला जातात, त्यात कधी खंड नाही. इथे डिसेंबरात पहाटे बाहेर पाऊल टाकायची सोय नसते. पहिले दोन दिवस ते घरातल्या घरात सोफा ते फ्रिज अशा फेऱ्या मारत राहिले. तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाता जाता मी त्यांना ईडायनाच्या साउथडेल मॉलमध्ये सोडलं. दुकानं उघडायच्या आधी तिथे आसपासचे म्हातारेकोतारे फिरायला येतात. जोडीजोडीने फेऱ्या मारतात, मग कॉफी घेऊन बाकांवर बसतात. आठवड्याभरात बाबांच्या तिथे दोन ओळखी झाल्या. एक नॉर्वेजियन वंशाचे आजोबा तर एके दिवशी बाबा आले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी चौकशी करायला पुढे आले.

एकदा परत येताना गाडीत बाबा म्हणाले, "बाजार झकास आहे रे. पण या बाजाराचं गाव कुठं आहे?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. सांगलीत आधी गणपतीचं देऊळ, मग पेठ, पेठेच्या मागे वाडे, वाड्यांच्या मागे वस्ती. हरभट रोडवरून निघालं की दहा मिनिटांत कुणाच्या तरी घरी चहाला पोचता. इथे दारातून बाहेर पडलं की गाड्यांचं मैदान, मैदानापलीकडे हमरस्ता, रस्त्यापलीकडे आणखी एक मैदान. बाजाराला येणारी माणसं येतात कुठून आणि जातात कुठे?

तेव्हापासून या मॉलबद्दल मिळेल ते वाचतोय. आणि जे कळलं ते असं, की ज्याने हा मॉल बांधला त्याच्या डोक्यात गावच होतं.

आधी दुकानाबद्दल, कारण मॉल उभा केला तो एका दुकानाने. वर्दिंग्टन गावचा बँकवाला जॉर्ज ड्रेपर डेटन याने मिनियापोलिसमध्ये निकोलेट ॲव्हेन्यू आणि सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर इमारत बांधली, १९०२ मध्ये तिथे दुकान सुरू झालं आणि थोड्याच काळात त्याला डेटनचं नाव लागलं. पुढे तीन पिढ्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू तिथून आली. लग्नाचा पोशाख, शाळेचे बूट, कपबश्या, पलंग. एका चौकापलीकडे डोनल्डसन्स. त्याच्या काचेच्या दर्शनी भागामुळे लोक त्याला 'ग्लास ब्लॉक' म्हणत. शहरात खरेदीला जायचं म्हणजे या दोन दारांत जायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर गिऱ्हाईक उपनगरात राहायला जाऊ लागलं. घर तिकडे, गाडी दारात, आणि शहरात गाडी लावायला जागा नाही. डेटनचे पाच नातू तेव्हा कारभार पाहत होते. त्यांनी ठरवलं की आपणच गिऱ्हाइकाच्या मागे जायचं. मिनियापोलिसच्या दक्षिणेला ईडायनात ४६३ एकर जमीन घेतली आणि व्हिक्टर ग्रुएनला बोलावलं.

ग्रुएन व्हिएन्नाचा. जन्म १९०३, मूळ आडनाव ग्रुनबाउम, ज्यू. वास्तुकला शिकलेला, रात्री हौसेने नाटुकल्यांमधून नाझींची टर उडवणारा. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर त्याला जीव घेऊन पळावं लागलं. अमेरिकेत उतरला तेव्हा खिशात आठ डॉलर होते आणि इंग्रजी येत नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवण्यापासून त्याने सुरुवात केली. अमेरिकन उपनगर त्याला बघवत नसे. मैलोन्मैल रस्ता, दुतर्फा पाट्या, माणसाला बसायला जागा नाही, बाया दिवसभर घरात एकट्या. व्हिएन्नात चौक होते, कॅफे होते, चालता चालता माणसं भेटत. ते इथल्या लोकांना मिळावं ही त्याची तळमळ होती.

मिनियापोलिसमध्ये अडचण हवेची. बाहेर आरामात खरेदी करता येईल असे वर्षाकाठी जेमतेम १२६ दिवस, असा हिशेब त्याने डेटन बंधूंपुढे ठेवला. मग पेठेवर छप्पर घालायचं ठरलं. मिलानच्या गॅलेरियात काचेच्या छताखाली बाजार भरतो, तो त्याच्या डोळ्यांपुढे होता.

८ ऑक्टोबर १९५६ ला साउथडेल उघडलं. खर्च २ कोटी डॉलर, दुकानं ७२, पार्किंगच्या जागा ५,२००. पहिल्या दिवशी ७५,००० माणसं आली. आत कायम ७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले २४ सेल्सिअस. मधल्या चौकाचं नाव 'निरंतर वसंताचं अंगण' असं काहीसं होतं. तिथे माशांचं तळं, २१ फूट उंच पिंजऱ्यात रंगीत पक्षी, बाल्कन्यांतून लोंबणाऱ्या वेली, शिल्पकार हॅरी बर्टोयाने घडवलेली धातूची सोनेरी झाडं आणि खुर्च्या मांडलेला कॅफे. एका टोकाला डेटन्स, दुसऱ्या टोकाला डोनल्डसन्स. पिढ्यान् पिढ्यांचे दोन स्पर्धक एका छताखाली, ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. मधल्या लहान दुकानांना दोन्हीकडच्या गर्दीचा फायदा मिळावा, हे गणित त्यामागे होतं.

इमारत दोन मजली ठेवण्याचं कारण वाचून मला ग्रुएनबद्दल फार आदर वाटला. एकाच मजल्यावर इतकी दुकानं पसरली असती तर टोकापर्यंत चालून माणूस थकला असता. म्हणून त्याने जमिनीचा उतार वापरला. एका बाजूच्या पार्किंगमधून आलात तर सरळ वरच्या मजल्यावर शिरता, दुसऱ्या बाजूने आलात तर खालच्या. वरचा मजला दुय्यम राहतच नाही. बाहेरच्या भिंती कोऱ्या, खिडक्या नाहीत, सगळं तोंड आतल्या चौकाकडे. आपला जुना चौसोपी वाडा आठवा.

मोठ्या वास्तुकला मासिकांनी तोंड भरून कौतुक केलं. एकाने तर लिहिलं की हे शहराच्या पेठेपेक्षाही जास्त पेठेसारखं आहे. प्रख्यात वास्तुकार फ्रँक लॉइड राइट मात्र बघायला आला आणि म्हणाला की गावच्या रस्त्याचे सगळे दोष इथे आहेत, गोडवा मात्र एकही नाही.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. ४६३ एकरांचा ग्रुएनचा आराखडा निव्वळ मॉलचा नव्हता. मॉलभोवती घरं, इमारती, शाळा, दवाखाना, बाग आणि तळं. मॉल म्हणजे फक्त त्या गावचा चौक. पण मॉल उघडताच आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढले आणि ती तुकड्या-तुकड्याने विकली गेली. १९६५ मध्ये मोठं रुग्णालय आलं, कचेऱ्या आल्या, आणखी दुकानं आली. चौक झाला, गाव मात्र राहूनच गेलं.

इथे राहणाऱ्यांनी, डेट्रॉइटकडच्या मंडळींनी आपापल्या मॉलबद्दल जरूर लिहा.

मुलुंडकर

सुरेख लिहिलंय. बाबांचा प्रश्न मनात घर करून राहिला.

एक शंका. आमच्याकडे मॉल म्हणजे सगळं एकत्रच. डिपार्टमेंट स्टोअर आणि मॉल यात नेमका फरक काय धरायचा? आणि डेटन्सने डोनल्डसन्सला स्वतःच्या जागेत का घेतलं, हे अजून नीट कळलं नाही.

थंडीकर

@मुलुंडकर, डिपार्टमेंट स्टोअर म्हणजे एकाच मालकाचं, अनेक विभागांचं मोठं दुकान. मॉल ही नुसती इमारत, तिचा मालक गाळे भाड्याने देतो. मोठ्या दुकानाला इथे अँकर म्हणतात, म्हणजे नांगर. माणसं घरून निघतात ती अँकरच्या नावाने आणि वाटेत लहान दुकानांत शिरतात. म्हणून अँकरला जागा जवळजवळ फुकट, बऱ्याचदा तो आपली इमारत आपणच बांधतो. मॉलच्या मालकाची खरी कमाई मधल्या लहान गाळ्यांची. ठरलेलं भाडं आणि विक्री एका आकड्यापुढे गेली की तिच्यातला हिस्सा.

दोन टोकांना दोन अँकर ठेवले की माणूस एकीकडून दुसरीकडे चालत जातो आणि मधला प्रत्येक गाळा त्याच्या नजरेखालून जातो. डोनल्डसन्स आलं नसतं तर ते समोर कुठेतरी स्वतःचं केंद्र काढून बसलं असतं. त्यापेक्षा आपल्या छताखाली बरं. ही धूर्त आणि दूरदृष्टीची चाल होती असं माझं मत.

सुईदोरा

थंडीकर, मी १९७४ मध्ये लग्न होऊन मिनियापोलिसला आले. यजमान युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होते, स्टायपेंडवर दोघांचं भागवायचं. विमानतळावर उतरले तेव्हा अंगात साताऱ्याहून आणलेला स्वेटर आणि पायात चपला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बसने डेटन्सला नेलं. निकोलेटवरच्या मोठ्या दुकानात. तळघरात स्वस्त मालाचा विभाग होता, तिथे एक निळा लोकरीचा कोट मिळाला. जाड, लांब, गुडघ्याखाली येणारा. विकणाऱ्या बाईंनी माझ्या दंडावरून टेप फिरवला, बाही एक इंच मोठी आहे म्हणाल्या आणि तिथल्या तिथे दुमडून टाचण्या लावून दिल्या. मला इंग्रजी बोलायची भीती वाटत होती. त्यांनी काही विचारलं नाही, मापं घेतली आणि हसल्या. परदेशात पहिल्यांदा कुणी आपलं काम मनापासून केलं ते त्या दुकानात.

तो कोट अजून आहे. अस्तर मी स्वतः दोनदा बदललं. गळ्याशी डेटन्सची पट्टी शिवलेली आहे, ती दोन्ही वेळा उसवून परत लावली.

साउथडेलला आम्ही गेलो ते थेट १९७९ मध्ये, गाडी घेतल्यावर. गाडीशिवाय तिथे जाणं अवघडच होतं. थंडीकर, तुमच्या बाबांच्या प्रश्नात हेही येतं. शहरातलं डेटन्स बसने जाणाऱ्याचं होतं, साउथडेल गाडीवाल्याचं.

हिशोबनीस

छान धागा. मी सीए, पंधरा वर्षं इथल्या रिअल इस्टेटच्या हिशेबात आहे. ग्रुएनबद्दल लिहिलंत, पण पन्नाशीनंतर मॉल पावसाळी छत्र्यांसारखे उगवले त्यामागे करकायद्याचा फार मोठा हात आहे.

१९५४ मध्ये अमेरिकन आयकर कायदा नव्याने लिहिला गेला. त्याआधी इमारतीचा घसारा, म्हणजे वापराने घटणारी किंमत जी खर्च म्हणून दाखवता येते, दरवर्षी सारखा, सुमारे ४० वर्षांत विभागून दाखवावा लागे. नव्या कायद्याने तो सुरुवातीच्या वर्षांत जास्त दाखवायला परवानगी दिली. म्हणजे मॉलमधून रोख पैसा येतोय, पण वहीत तोटा. तो तोटा दुसऱ्या उत्पन्नासमोर मांडून कर वाचवायचा. पहिली काही वर्षं घसारा ओरपायचा, मग इमारत विकून पुढची बांधायची. जुनी इमारत दुरुस्त करण्यात हा फायदा नव्हता, नवी बांधण्यातच होता. आणि नव्या इमारतीला स्वस्त, मोठी, मोकळी जमीन लागते. ती शहरात कुठे? उपनगरातच.

त्यात २९ जून १९५६ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर सही केली. साउथडेल उघडलं त्याच्या सव्वातीन महिने आधी. रस्ते सरकारने दिले, करसवलत सरकारने दिली. ग्रुएनचं गाव बांधायला मात्र असलं काही नव्हतं. बागेतून आणि तळ्यातून घसारा मिळत नाही. म्हणून त्याच्या आराखड्यातला जो भाग पैसा देणारा होता तेवढाच देशभर उचलला गेला.

नकाशावाचक

हिशोबनीस यांनी महामार्गाचा विषय काढलाच आहे, तर त्याची दुसरी बाजू लिहायलाच हवी.

सेंट पॉलमध्ये राँडो नावाची काळ्या लोकांची भरलेली वस्ती होती. दुकानं, चर्च, क्लब, घरं. आय-९४ महामार्ग बरोबर तिच्या मधून नेला. १९५६ पासून पाडापाडी सुरू झाली आणि शेकडो कुटुंबं उठली.

ती ईडायनाला जाऊ शकली असती का? ईडायनाचा कंट्री क्लब भाग १९२४ पासून वसला, तिथल्या घरांच्या खरेदीखतातच कलम होतं की गोऱ्यांशिवाय कुणाला विकायचं नाही, राहू द्यायचं नाही. अपवाद घरातल्या नोकरांचा. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये अशी कलमं न्यायालयांनी अमलात आणू नयेत असं ठरवलं, मिनेसोटाने १९५३ मध्ये नवी कलमं घालायला बंदी केली. पण वस्ती तोवर घडून गेली होती. मिनेसोटा विद्यापीठात 'मॅपिंग प्रेज्युडिस' नावाने लोकांनी ही जुनी खतं एकेक वाचून नकाशे केले आहेत. मी स्वतः त्यात काही संध्याकाळ खतं वाचली. टंकलेखन यंत्रावरची स्वच्छ, सभ्य भाषा, आणि त्यात ते वाक्य. वाचून झाल्यावर बराच वेळ काही सुचत नाही.

साउथडेलच्या चौकात कुणीही यावं अशी ग्रुएनची इच्छा होती, यावर माझा विश्वास आहे. तो स्वतः वंशामुळे देश सोडून आला होता. पण ज्या गावात तो चौक बांधला त्याची वेस आधीच आखलेली होती.

थंडीकर

@नकाशावाचक, मी ईडायनात दहा वर्षं राहतोय आणि यातलं खताचं कलम मला माहीत नव्हतं. मनापासून आभार. माझ्या मूळ लेखात हे असायला हवं होतं.

@हिशोबनीस, घसाऱ्याचं इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. ग्रुएनला पुढे काय वाटलं ते यावरून जास्त कळतं. तो १९६८ मध्ये व्हिएन्नाला परत गेला. तिथे शहराच्या दक्षिणेला १९७६ मध्ये एक प्रचंड मॉल उघडला, 'शॉपिंग सिटी स्यूड'. ज्या जुन्या पेठांसाठी त्याने आयुष्य वेचलं त्यांच्याच जिवावर तो उठला. १९७८ मध्ये लंडनच्या भाषणात त्याने सरळ सांगितलं की या अनौरस बांधकामांची पोटगी भरायला मी तयार नाही. १९८० मध्ये तो गेला.

रिव्हररूज

मी डेट्रॉइटकडची. सासरे फोर्डमध्ये होते. साउथडेलच्या आधी ग्रुएनने आमच्या साउथफील्डमध्ये नॉर्थलँड बांधलं, १९५४ मध्ये. त्यावर छप्पर नव्हतं. मधोमध हडसन्सची चौकोनी उंच इमारत आणि तिच्याभोवती बागा, कारंजी आणि लहान दुकानांच्या रांगा. डेट्रॉइटमध्ये हडसन्सचं तेच स्थान होतं जे तुमच्याकडे डेटन्सचं.

नॉर्थलँडच्या चौकात मार्शल फ्रेडरिक्सचं एक शिल्प होतं, चुनखडीचं मोठं अस्वल आणि त्याच्या पाठीवर छोटा मुलगा. माझी मुलगी लहान असताना आधी अस्वलाला हात लावल्याशिवाय कुठल्याच दुकानात शिरायची नाही. हजारो पोरांच्या हातांनी त्याचं नाक गुळगुळीत झालं होतं.

शहरातलं मोठं हडसन्स जानेवारी १९८३ मध्ये बंद झालं. १५ वर्षं रिकामं उभं होतं, मग ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरुंगाने पाडलं. आम्ही टीव्हीवर पाहिलं. सासऱ्यांनी टीव्ही बंद करायला सांगितलं. नॉर्थलँड २०१५ मध्ये बंद झालं, शहराने ते विकत घेतलं, आता तिथे घरं बांधली जात आहेत. अस्वल साउथफील्डच्या सार्वजनिक वाचनालयात आहे. नात आली की आम्ही तिला तिथे नेतो.

सुईदोरा

रिव्हररूज, टीव्ही बंद करायला सांगणं अगदी समजू शकते. आमच्याकडे डोनल्डसन्सची जुनी इमारत १९८२ च्या थँक्सगिव्हिंगला जळाली. दुकान आधीच समोर नव्या जागेत गेलं होतं, जुनी वास्तू पाडायचं काम चालू होतं. आग शेजारच्या बँकेच्या उंच इमारतीलाही लागली. थंडीत पाण्याचा बर्फ होत होता आणि दुसऱ्या दिवशी काळ्या भिंतींवरून बर्फाचे सुळे लोंबत होते. बघायला आलेली माणसं गप्प उभी होती. ग्लास ब्लॉक म्हणायचे ते संपलं.

डेटन्सच्या आठव्या मजल्यावर नाताळात मोठा देखावा असायचा, हलत्या बाहुल्यांचा, दरवर्षी नवी गोष्ट. रांग जिन्यापर्यंत. तिकीट नाही. आमची मुलगी तीन वर्षांची असल्यापासून गेलो. १९८५ मध्ये सँटाबेअर नावाचं पांढरं अस्वल त्यांनी काढलं, ५० डॉलरची खरेदी केली तर १० डॉलरला. गावभर धावपळ. मी पडद्याचं कापड घेऊन ५० भरले. मुलीचं ते अस्वल एक डोळा गेलेलं, पण आहे. डोळ्याच्या जागी मी बटण शिवलंय.

मुलुंडकर

सुईदोराताई, तुम्ही लिहीत राहा, आम्ही वाचत राहू.

यावरून आठवलं. आपल्या मुंबईतही मॉलच्या खूप आधी डिपार्टमेंट स्टोअर्स होती, फोर्टात. काळा घोड्याला आर्मी अँड नेव्हीची इमारत आहे, साहेबाच्या काळातलं मोठं दुकान. दादाभाई नौरोजी रस्त्यावर जिथे पुढे खादी भांडार आलं ती इमारत व्हाइटअवे लेडलॉची. आजोबा सांगायचे, बाहेरून काचेतून बघायचो, आत जायची हिंमत नव्हती. आर्मी अँड नेव्हीच्या इमारतीत पुढे वेस्टसाइड आलं. नोकरीचा पहिला पगार झाल्यावर मी आजोबांना तिथे नेऊन शर्ट घेतला.

दुकानदाराचा_नातू

माझा प्रश्न वेगळा आहे. डेटन्स इतकं लाडकं होतं तर मग गेलं कुठे? ऑनलाइनने खाल्लं का?

थंडीकर

@दुकानदाराचा_नातू, ऑनलाइन फार नंतर आलं. डेटन्सला आधी गाठलं ते त्याच्याच घरातून निघालेल्या दुकानाने.

१९६२ मध्ये डेटन कंपनीने सेंट पॉलजवळ रोझव्हिलला स्वस्त मालाचं एक दुकान काढलं. नाव टार्गेट. पाच भावांतले सर्वात धाकटे डग्लस त्याचे प्रमुख. साउथडेलने शिकवलं होतं की गिऱ्हाईक गाडीने येतं आणि मोकळ्या जागेत येतं. टार्गेटने त्यातून चौक, पक्षी, मापं घेणाऱ्या बाई हे सगळं काढून टाकलं आणि भाव खाली आणले. सुरुवातीला तोटा झाला. १९७५ पर्यंत मात्र सगळ्या कंपनीत सर्वात जास्त विक्री टार्गेटची होती.

पुढचं भराभर सांगतो. १९६९ मध्ये डेटन्स आणि डेट्रॉइटचं हडसन्स एक झाले, म्हणजे रिव्हररूजताई, तुमचं आमचं तेव्हापासून नातं आहे. १९९० मध्ये शिकागोचं मार्शल फील्ड्स घेतलं. २००० मध्ये कंपनीनेच टार्गेट हे नाव घेतलं. २००१ मध्ये डेटन्स आणि हडसन्सच्या पाट्या उतरवून सगळीकडे मार्शल फील्ड्स लावलं. २००४ मध्ये ही सगळी दुकानं विकली आणि २००६ मध्ये तिथे मेसीज या दुकानसाखळीची पाटी आली. निकोलेटवरचं मूळ दुकान मेसीजच्या नावाखाली २०१७ मध्ये बंद झालं. म्हणजे आईबापांनी कष्टाने उभं केलेलं घर मुलाने विकलं, असं मला वाटतं. मुलाचं चाललंय उत्तम, पण घर गेलं.

साउथडेलमध्ये डोनल्डसन्सच्या जागेची गत आणखी वाईट. १९८७ मध्ये कार्सन पिरी स्कॉट, १९९५ मध्ये मर्विन्स, तेही गेलं, २०११ मध्ये हर्बर्गर्स, २०१८ मध्ये तेही बंद. १९७२ मध्ये जेसी पेनीसाठी मॉल वाढवला होता, ती इमारत पाडून २०१९ मध्ये लाइफ टाइमची व्यायामशाळा आली. १९९२ मध्ये शेजारच्या ब्लूमिंग्टनला मॉल ऑफ अमेरिका उघडल्यावर तर साउथडेल फार दिवस काढत नाही असंच सगळे म्हणत होते.

हिशोबनीस

अँकर गेल्यावर मॉल का मरतो त्याचं कारण करारात असतं. लहान दुकानदार सही करताना कलम घालून घेतो की अमुक अँकर चालू असेल तोवरच पूर्ण भाडं. अँकर बंद झाला की भाडं निम्म्यावर, किंवा गाळा सोडायची मुभा. एक गेला की पाच जातात, पाच गेले की उरलेल्यांची गर्दी जाते. म्हणून आता अँकरच्या जागी व्यायामशाळा, दवाखाना, वाचनालय आणतात. रोज पाऊल पडलं पाहिजे, मग ते कशासाठी का असेना.

उत्तरेकडची

एक दुरुस्ती सुचवू का? थंडीकर यांनी साउथडेलला कुठे पहिला म्हटलेलं नाही, पण इतरत्र सर्रास तसं वाचायला मिळतं. आमच्या विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनची मंडळी सांगतात की त्यांचं व्हॅली फेअर १९५५ मध्येच छताखाली सुरू झालं. लहान होतं, दोन बड्या दुकानांच्या मधला चौक वगैरे नव्हता, पण थंडीवरचा उपाय तोच. ॲपलटनमध्ये माझी मुलं वाढली म्हणून नोंद करून ठेवते.

आणि मिनियापोलिस शहराने साउथडेलला दिलेलं उत्तर कुणी सांगितलं नाही! तिथले स्कायवे, म्हणजे इमारतीतून इमारतीत जाणारे काचेचे पूल. पहिला १९६२ मध्ये झाला. लेस्ली पार्क नावाच्या विकासकाने पुढाकार घेतला. उपनगरात कोट न घालता खरेदी करता येते तर शहरातही आली पाहिजे, हा विचार. आज मैलोन्मैल चालता येतं. फक्त त्यामुळे खालच्या रस्त्यावरची दुकानं ओस पडली, ते वेगळं दुःख.

थंडीकर

@उत्तरेकडची, दोन्ही नोंदींसाठी आभार. हिवाळ्यात मी रोज त्या पुलांवरून जातो आणि ते साउथडेलमुळे आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

बाबा मार्चमध्ये सांगलीला परतले. परवा फोनवर त्यांना सगळा धागा वाचून दाखवला. खरेदीखताचा भाग पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाले, "म्हणजे गाव कागदावर होतं." मी म्हटलं, थोडं थोडं होतंय आता. मॉलच्या पार्किंगच्या एका कोपऱ्यात २०१४ च्या सुमारास भाड्याच्या घरांच्या इमारती उभ्या राहिल्या. दक्षिणेला थोड्या अंतरावर जुन्या खडीच्या खाणीत सेंटेनियल लेक्स हे तळं आणि बाग केली आहे, भोवती घरं. ग्रुएनच्या आराखड्यातलं तळं वेगळ्या जागी आणि फार उशिरा आलं. बाबांनी विचारलं, "त्या इमारतीतली माणसं मॉलमध्ये चालत येतात का?" येतात. मी स्वतः पाहिलंय, जानेवारीत एक बाई नुसत्या शालीत पार्किंग ओलांडून आल्या होत्या.

या डिसेंबरात आई-बाबा परत येताहेत. आईचं म्हणणं, या वेळी मीपण चालायला जाणार, पण मला बोलायला कुणीतरी पाहिजे.

सुईदोरा

थंडीकर, मी मंगळवारी आणि शुक्रवारी साउथडेललाच असते. यजमान गेल्यापासून ती सवय लावून घेतली आहे. दोन फेऱ्या झाल्या की सोनेरी झाडांजवळच्या बाकावर बसते, थर्मासमध्ये आल्याचा चहा असतो. आईंना माझा निरोप सांगा. निळ्या कोटावरून ओळखतील.